दहा म्हणेपर्यंत

आमच्या बीड जिल्ह्यात आजारी माणसाला एकच काम असतं, पडून राहायचं. बाकीचं सगळं घर करतं. त्याने कूस बदलायला हात टेकला की दोघं धावतात. पाणी म्हणायच्या आत तांब्या ओठाला लागतो. आणि चुकून तो उठून बसलाच, तर "कामून उठलात? आम्ही मेलो का?" असा मायेचा दम मिळतो. समोरच्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं, याला आम्ही सेवा म्हणतो. तापाला, जुलाबाला, फार तर मोडलेल्या पायाला ही सेवा चालून जाते. पण मेंदूला मार लागलेल्या माणसाला तीच आडवी येते, आणि हे कळेपर्यंत घरातल्या सगळ्यांची सेवा करून झालेली असते.

अण्णा माझे थोरले चुलते. केज तालुक्यात, मांजरा धरणाच्या अंगाला आमचं गाव. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातली लाखो माणसं बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. अण्णा कधी गेले नाहीत. थोडी बागायत होती, गरज पडली नाही. त्यांना ऊस घरच्या रस्त्यावरच भेटला. उसाचा ट्रॅक्टर तुम्ही पाहिलाच असेल. एकामागे एक दोन ट्रॉल्या, त्यावर घराएवढा ऊस, मागे दिवा नाही, आणि लाल पट्टी असलीच तर ती चिखलाने माखलेली. असा ट्रॅक्टर अंधार पडल्यावर कडेला पंक्चर होऊन उभा असला, की तो दिसत नाही, लागतो. अण्णा मोपेडवर होते. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, कडक इस्त्रीची टोपी होती. टोपी धुऊन दुसऱ्या दिवशी परत मिळाली. डोक्याचं काम लांबलं.

आधी अंबाजोगाईला नेलं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं तिथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं, आणि आमच्याकडे कुणाचंही काही फुटलं-तुटलं की गाडी आपोआप तिकडे वळते. तिथून पुढे मोठ्या शहरात. तिथे डॉक्टरांनी एक आकडा सांगितला, पंधरापैकी नऊ. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी शुद्ध मोजायची ही पट्टी काढली. डोळे कशाने उघडतात, बोलतो काय, हातपाय कसे हलवतो, या तीन गोष्टींचे मिळून पंधरा गुण. कमीत कमी तीन मिळतातच, काहीच केलं नाही तरी. आमच्या एका पाव्हण्याने बाहेर बाकावर बसून लगेच टक्केवारी काढली. "पंधरातले नऊ म्हंजे साठ टक्के. फर्स्ट क्लास हाय की." मोठी आई तेवढ्या रडण्यातूनही म्हणाली, "मॅट्रिकला न्हवता मिळाला."

मोठी आई म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती. या घरातली विनोदबुद्धी तिच्याकडे आहे आणि ती वापरायला तिला कधी वेळ मिळालेला नाही.

अण्णा वाचले, घरी आले, पेढे वाटून झाले. मग बघायला येणाऱ्यांची रांग लागली. शहाळी, बिस्किटांचे पुडे, बालाघाटातली माणसं आली ती पिशवीभर सीताफळं घेऊन. आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "अण्णा, मला ओळखलं का?" मेंदूच्या आजारात ही तोंडी परीक्षा अख्ख्या गावाला घ्यावीशी वाटते. उत्तर आलं की "वा वा, सगळं ठीक हाय", नाही आलं की आतल्या खोलीत जाऊन कुजबुज. अण्णांनी पहिले काही दिवस इमानदारीने उत्तरं दिली. मग एका सकाळी लांबच्या नात्यातला एक जण खाटेवर वाकून, आवाज चढवून म्हणाला, "मी कोण? सांगा बरं मी कोण?" अण्णा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "का? तुमचं तुम्हाला म्हाईत न्हाई का?" त्या दिवशी आम्ही ओळखलं की माणूस परत येतोय.

पण माणूस परत येतो म्हणजे सगळाच एका गाडीने येत नाही. बोलणं आलं, रागही लगेच आला, भुकेला तर वाट विचारावी लागली नाही. मागे राहिलं ते भलतंच, आणि ते दिसलं पहिल्या ताटावर. आपल्या ताटाला शिस्त असते. भाजी, वरण उजवीकडे, आणि मीठ, लिंबू, चटणी, लोणचं डावीकडे. अण्णांनी उजवीकडचं पिठलं संपवलं, भाकरीचा उजवा अर्धा संपवला आणि हात आखडून म्हणाले, "ठेचा न्हाई केला का आज?" ठेचा डावीकडे होता. कांदा होता, भाकरीचा दुसरा अर्धा भाग होता. ठेच्याशिवाय ज्यांनी जन्मात घास गिळला नाही त्यांना ठेचा दिसत नव्हता. वहिनीला, म्हणजे अण्णांच्या सुनेला, वाटलं नजर गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे तपासून चांगले आहेत म्हणून सांगितलं. मार उजव्या मेंदूला होता, आणि अशा माणसाला पुष्कळदा डावीकडे काही आहे याची दखलच राहत नाही. डोळे ठेचा बघतात, पण ठेचा आहे हे मनावर घेणारं तिथे कुणी नसतं. मोठ्या आईने ताट अर्धं फिरवलं. ठेचा उजवीकडे आला, आणि अण्णा म्हणाले, "आता कामून आणला? जेवण झाल्यावर?"

यातली खरी मौज पुढेच आहे. १९७८ साली इटलीत बिसियाक आणि लुझाती या दोघांनी असल्या रुग्णांना एक साधी गोष्ट करायला सांगितली. मिलान शहरातला मोठ्या चर्चसमोरचा चौक त्या मंडळींच्या रोजच्या पायाखालचा. डोळ्यांपुढे आणा की तुम्ही चर्चकडे तोंड करून उभे आहात, आणि काय काय दिसतं ते सांगा. रुग्णांनी उजवीकडच्या इमारती, दुकानं सांगितली, डावीकडचं सोडून दिलं. मग म्हणाले, आता मनानेच चर्चच्या पायऱ्यांवर जा आणि उलट बघा. तर मघाशी गाळलेली बाजू आता उजवीकडे आली आणि घडाघडा बाहेर पडली. म्हणजे नुसतं समोरचं नव्हे, आठवणीतलंही डावं जग गळालेलं असतं. ते तिथेच असतं, फक्त तोंड फिरवावं लागतं.

हे ऐकल्यावर मला राहवेना. मी अण्णांना म्हटलं, मारुतीकडे पाठ करा, वेशीकडे बघा, सांगा काय दिसतं. अण्णा डोळे मिटून सांगू लागले. गिरणी, न्हाव्याचं दुकान, पिंपळाचा पार, पारावर बसलेले रिकामटेकडे नावानिशी. डावीकडची ग्रामपंचायत नाही, पाण्याची टाकी नाही, आणि मुख्य म्हणजे भावकीतलं ते घर नाही, ज्यांच्याशी आमचा बांधावरून किती वर्षं वाद चाललाय हे केजच्या वकिलांनाच ठाऊक. मी म्हटलं, आता वेशीतून आत या, मारुतीकडे बघा. अण्णा वळले. टाकी आली, ग्रामपंचायत आली, भावकीचं घर आलं आणि घरामागोमाग शिव्याही आल्या, एकही न गाळता. आतून मोठी आई ओरडली, "फिरवलंस कशाला रे त्यांना? चार दिवस बरं चाललं हुतं."

शहरातल्या दवाखान्याने घरी सोडताना एका मुलीचा नंबर दिला होता. मूळची आष्टीकडची, मुंबईत शिकलेली. तिच्या विषयाला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात, पण असलं नाव घेऊन गावात कुणाला हाक मारता येत नाही. ऑक्युपेशनल थेरपीचं ओटी झालं, तिची ओटीवाली ताई झाली, आणि पहिल्या भेटीनंतर निघताना मोठ्या आईने खण-नारळाने तिची ओटी भरलीसुद्धा. एरवी ती फोनवरून बघायची. त्यासाठी अण्णांना धरून गच्चीवर न्यावं लागे, कारण आमच्या घरात रेंज गच्चीच्या एकाच कोपऱ्यात उतरते. ताईने सांगितलं की जिन्याचा व्यायाम यातच होतो, तो वेगळा नको.

अण्णांचा आधी तिच्यावर विश्वास नव्हता. सुई नाही, गोळी नाही, मशीन नाही, ही कसली डॉक्टर? तिने मग तिच्या विद्येचं मूळ सांगितलं. या विषयाची देशातली पहिली शाळा १९५० साली मुंबईत, केईएम रुग्णालयात निघाली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर माहेरच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इकडच्या झाल्या. पुढे १९५२ साली या उपचाराची जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता, तो या बाईंच्या खटपटीने. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन. हे सगळं अण्णांनी भिंतीकडे बघत ऐकलं. फलटण म्हटल्यावर मान वळली. "निंबकर म्हंजे बियाण्याचे? मेंढ्यांचे?" त्या कमलाबाईंचे चिरंजीव बनबिहारी. "मग ठीक हाय. बियाणं चांगलं असतंय त्यांचं." बियाण्यावरून वैद्य पारखणारी माणसं अजून आहेत, आणि मला वाटतं ती फारशी चुकत नाहीत.

मग तिने एक तक्ता काढला. माणूस घरात स्वतःचं स्वतः किती करू शकतो त्याची यादी. फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशाचा व्यवहार. ती विचारायची आणि मोठी आई उत्तर द्यायची.

"स्वयंपाक करता येतो का आता?"

"न्हाई."

"आधी करत होते?"

"न्हाई."

"कपडे धुणं?"

"न्हाई. आधीबी न्हाई."

"घर आवरणं?"

"आवरायला लावनं जमायचं."

"औषधं वेळेवर आपल्या हातानं घ्यायचे?"

"मी हातावर ठिवली तर."

ताईने पेन खाली ठेवलं. "मग अपघातानं यांचं नेमकं गेलं काय?"

मोठी आई थोडा विचार करून म्हणाली, "म्हंजी डोक्याला मार आधीपासूनच हुता म्हणा की."

गंमत अशी की अण्णांची ही सवलत केज तालुक्यापुरती नाही. हा तक्ता १९६९ साली अमेरिकेत लॉटन आणि ब्रोडी यांनी केला, आणि मूळ तक्त्यात बायकांना आठ गुण होते, पुरुषांना पाच. स्वयंपाक, घरकाम आणि धुणं हे तीन विषय पुरुषांना ऑप्शनला. चंद्रावर माणूस उतरला त्याच वर्षी, त्याच देशात, पुरुषाला चहा येत नसला तरी तो पूर्ण स्वावलंबी धरला जात होता. आता बहुतेक ठिकाणी सगळ्यांना आठही विषय असतात. ओटीवाल्या ताईनेही आठ लावले. चुलतभाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, तो घुश्शात म्हणाला, "घरात बायका असताना अण्णांनी चहा करायचा?" ताई म्हणाली, "चहात काय नाही सांगा. क्रम आहे, वेळ आहे, गरम-गार आहे, दोन्ही हात आहेत, डावीकडचा डबा आहे. एवढा मोठा व्यायाम पाच रुपयांत कुठे मिळतो?" दादा गप्प बसला. त्यालाही चहा येत नाही.

पण चहाच्या आधी धोतर होतं. दादाने इलॅस्टिकचे पायजमे आणून ठेवले होते. अण्णांनी ते नातवाच्या अंगावर फेकले. मी कधी विचार केला नव्हता, पण धोतर म्हणजे मेंदूची कसोटीच आहे. पाच वार कापडाची दोन्ही टोकं अंदाजाने सारखी घ्यायची, गाठ आवळायची, एका टोकाच्या निऱ्या पुढे खोचायच्या, दुसरं टोक पायांतून मागे नेऊन कासोटा घालायचा, आणि कासोट्याचं सगळं काम पाठीमागे, न बघता. अण्णांची उजवी बाजू झकास बसे आणि डावं टोक जमिनीवर लोळत राही. त्यांच्या लेखी धोतर नेसून झालेलं असे. ते तसेच वेशीकडे निघत आणि अर्धं धोतर मागून येई.

ताईने उलटीकडून सुरुवात केली. पहिले काही दिवस सगळं धोतर दादाने नेसवायचं, फक्त शेवटचं खोचणं अण्णांचं. ते जमलं की शेवटचे दोन टप्पे अण्णांचे. मग तीन. असं मागून पुढे येत राहायचं. म्हणजे रोज काम पूर्ण होतं ते अण्णांच्या हाताने, अर्धवट सोडल्याची चुटपुट राहत नाही. मला ही पद्धत फार आवडली. आपण पोरांना सगळं पहिल्यापासून शिकवतो आणि मधेच सोडून देतो, त्यामुळे आपल्याकडे कुठल्याही कामाची सुरुवात येणारे पुष्कळ आणि शेवट येणारे थोडे. डाव्या काठाला मोठ्या आईने लाल दोऱ्याची शिवण घातली. नेसताना लाल दिसेपर्यंत मान वळवायची, असा नियम. पोरासोरांना खेळ झाला. अण्णा धोतर घेऊन उभे राहिले की नातू ओरडे, "लाल कुठंय?" आणि अण्णांची मान कुरकुरत डावीकडे जाई.

आता तो नियम, ज्याने घर मेटाकुटीला आलं. ताईने मोठ्या आईला, वहिनीला, दादाला, मला, सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, अण्णा काही करायला लागले आणि अडले, तर मनातल्या मनात दहा म्हणेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. बोलायचंही नाही. दहानंतर एक शब्द. मग परत दहा. हात सगळ्यात शेवटी.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. समोर तुमच्या घरातला कर्ता माणूस सदऱ्याच्या डाव्या बाहीत हात घालायला निघालाय आणि हात गळ्यातून बाहेर आलाय. तो हाताकडे बघतोय. हात परत आत घेतोय. बोटं कापडावरून चाचपडत काखेपर्यंत येतात, तिथे शिवणीला अडतात, शिवणीवरून घसरून पुन्हा गळ्याकडे जातात. बाही दोन बोटांवर लोंबतेय. एवढ्या वेळात तुम्ही त्यांना सदरा घालून, गुंड्या लावून, टोपी देऊन वेशीपर्यंत पोचवलं असतं. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. दादा दात खायचा. मी सरळ उठून गोठ्यात जायचो. मोठी आई मनातल्या मनात मोजू शकत नसे, ती मोठ्याने मोजायची, आणि आकडे ताणायची. "आठ... नऊ... साडेनऊ... पावणेधा..." त्या पावणेदहाला बऱ्याचदा हात बाहीतून बाहेर यायचा. कधी यायचाही नाही. मग अण्णा सदरा फेकून देत, आणि मोठी आई तो उचलून, झटकून, परत त्यांच्या उजव्या हाताशी ठेवून पहिल्यापासून एक म्हणायची.

मला वाटतं, मेंदूला मार लागलेल्या माणसाच्या घरात निम्मी थेरपी नातेवाइकांच्या हातांवर व्हायला पाहिजे. ते बांधून ठेवायची.

काही गोष्टी मात्र अण्णांना शिकवाव्याच लागल्या नाहीत. तंबाखू बंद झाली होती, पण जेवण झालं की डावा हात, तोच ज्याची अण्णांना एरवी आठवणही नसे, आपोआप पुढे येऊन तळवा उघडून बसायचा. उजवा अंगठा त्यावर फिरायला लागायचा. मग दोन थापट्या, मग चिमूट. सगळं रिकामंच. वहिनीला भीती वाटली, ताईला आनंद झाला. तिने सांगितलं, तळव्यावर ओवा द्या. मग रोज जेवणानंतर अण्णा ओवा मळू लागले. अंगठ्याचा दाब अचूक, चुन्याची नसलेली डबी काढायची लकबही अचूक. ज्याला सदऱ्याची गुंडी लागत नव्हती तो माणूस ओव्याचं साल काढून फुंकरीने उडवत होता. पन्नास वर्षं केलेलं काम कुठेतरी खोल मुरलेलं असतं. "करतो" म्हणून करायला गेलं की अडतं, लक्ष न देता करू दिलं की वाहतं.

रशियन डॉक्टर लुरिया यांनी एका सैनिकाची हकिगत पुस्तकभर लिहून ठेवली आहे. झासेत्स्की त्याचं नाव. १९४३ साली स्मोलेन्स्कच्या लढाईत गोळी डोक्यात गेली, आणि अक्षरं, शब्द, घरची वाट, सगळं विस्कटलं. एकेक अक्षर आठवून काढायला गेला की त्याला काही जमेना. कुणीतरी म्हणालं, अक्षराचा विचार करू नकोस, हात न उचलता शब्द लिहून टाक. हाताने लिहिला. आपण लिहिलेलं त्याला नीट वाचताही येत नसे, तरी पुढे पंचवीसेक वर्षं तो लिहीत राहिला, तीन हजारांच्या आसपास पानं. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "आपलं बरं. ववा वाचावा लागत न्हाई."

थकवा ही या आजारातली सगळ्यात न दिसणारी गोष्ट. धोतर नेसून झालं की अण्णा तासभर झोपत. गाव म्हणे, म्हातारा आळशी झाला. मिक्सर, टीव्ही आणि दारावरून गेलेली वरात एकदम आली की ते कानावर हात ठेवून चिडत. गाव म्हणे, तिरसट झाला. यावर आमच्याकडे औषध सापडलं नाही. टीव्ही बंद ठेवला, वरातीला कोण बंद ठेवणार?

आणि मग चहा.

मोठ्या आईला अक्षरओळख बेताची, म्हणून यादी नातीने लिहिली. मोठ्या अक्षरात, गॅसच्या वर चिकटवली. भांड्यात एक कप पाणी घाला. साखर दोन चमचे घाला. चहापत्ती एक चमचा घाला. उकळी येऊ द्या. दूध घाला. गॅस बंद करा. कपात गाळा. अण्णा ओट्यासमोर उभे राहिले. आम्ही सगळे दारात, हात पाठीशी बांधून. अण्णांनी यादीकडे बघितलं आणि मोठ्याने वाचलं, "घाला. घाला. घाला. द्या. घाला. करा. गाळा."

डावं गळालं होतं. आपल्या वाक्यात क्रियापद उजवीकडे, शेवटाला. पाणी, साखर, पत्ती, दूध सगळं डावीकडे पडलं आणि उरले नुसते हुकूम. अण्णा वैतागून वळले, "काय घाला? काय द्या? सांगायचं तर नीट सांगावं मानसानं!"

मोठी आई दाराच्या चौकटीला टेकून इतकी हसली की खाली बसली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "चाळीस वर्सं अशीच यादी मिळायली मला. आण. दे. ठिव. वाढ. काय ते आपलं आपण वळखायचं."

अण्णांना हे समजलं की नाही, सांगता येत नाही. पण ते हसले, आणि डावा ओठ उजव्यापेक्षा जरासा उशिरा हसला.

यादी फाडली. तिच्या जागी वस्तूच ओट्यावर क्रमाने मांडल्या, उजवीकडून डावीकडे, आणि अगदी डाव्या टोकाला लाल झाकणाचा साखरेचा डबा, म्हणजे तिथपर्यंत मान जायलाच हवी. पहिला चहा दुधाविना झाला. दुसऱ्यात पत्ती दोनदा पडली. एकदा रिकामं पातेलं गॅसवर ठेवून अण्णा शांतपणे उकळीची वाट बघत उभे राहिले. मोठ्या आईने मोजायला सुरुवात केली, पातेलं तापून निळं झालं, आणि नवाला तिने नियम मोडून गॅस बंद केला. एका पातेल्याची किंमत ओटीवाल्या ताईच्या तक्त्यात धरलेली नाही. ती धरायला हवी.

आता अण्णा चहा करतात. सकाळचा नाही, दुपारचा, चार वाजताचा. साखर जास्त असते, कारण लाल झाकण दिसलं की ते खूश होऊन एक चमचा वरून टाकतात. आलेला प्रत्येक माणूस तो चहा पितो, मधुमेहवालेसुद्धा. पारावर चर्चा आहे की डोक्याला मार लागल्यापासून म्हातारा घरात राबायला लागला. दोन-तीन बायकांनी मोठ्या आईला एकांतात विचारलं म्हणतात, नेमका कुठल्या बाजूला लागला होता.

फक्त एक विषय अडलाय. चहा झाला की पातेलं, गाळणं आणि कपबशा ओट्यावर तशाच. ताईच्या तक्त्यात घरकाम आहे, आणि घरकामात भांडी येतात. मोठ्या आईने ती मोरीत नेऊन ठेवली, राखेची वाटी शेजारी ठेवली, तीही उजव्या बाजूला. अण्णा मोरीच्या तोंडाशी गेले, भांडी नीट निरखून पाहिली, डाव्या टोकाच्या बशीपर्यंत मान नेली, आणि कपाळावरच्या खुणेला हात लावून म्हणाले, "डोक्याला मार लागलेल्या मानसाला भांडी घासायला लावता? देव बघायलाय वरून." मोठी आई मोरीशेजारी पाट घेऊन बसली, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि म्हणाली, "एक. दोन. तीन."

मी निघालो तेव्हा ती दोनशेच्या पुढे गेली होती.